गाडीत कुठे जायचं?

यात्रा कंपनीची बस पहाटे पाचला साताऱ्याहून सुटायची असते. आधी उज्जैन आणि ओंकारेश्वर, पुढे प्रयाग, मग काशी. चौदा दिवसांचा बेत. मागच्या सीटवर आचारी, डिकीत शेगड्या, पिठाचे डबे आणि तेलाचे कॅन. या बसमध्ये ६२ वर्षांचे एक काका डोळ्यांसमोर आणा. तीन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत त्यांना लिव्हर सिरॉसिस निघालं. आयुष्यात दारूला शिवले नाहीत. जुना मधुमेह आणि सुटलेलं पोट एवढंच निमित्त. मध्यंतरी पोटात पाणी झालं होतं, ते औषधांनी आटोक्यात आलं. आता तब्येत बरी, चालणं-फिरणं व्यवस्थित. आदल्या रात्री बॅग भरताना काकू विचारतात, "अहो, ती गोड औषधाची बाटली कुठल्या कप्प्यात ठेवू?" काका म्हणतात, "राहू दे घरी. त्यानं दिवसातून दोन-तीनदा जावं लागतं. गाडीत कुठे जायचं?"

लघवीची गोळीही त्याच हिशेबात मागे राहते. वाटेत पाणी घोट-घोटच पितात, कारण बस कधी थांबेल याचा नेम नाही.

चौथ्या दिवशी काशीच्या धर्मशाळेत काका सदऱ्याचं बटण एक काज सोडून लावतात. दुपारभर झोपतात आणि रात्री टक्क जागे राहतात. रिक्षावाल्याचे पैसे मोजताना पन्नासची नोट हातात धरून बघत राहतात. "शीण आलाय, ऊन लागलं असेल," असं म्हणून कोणी ग्लुकोज पाजतं, कोणी कांदा हुंगायला देतं. पाचव्या दिवशी ते काकूंना विचारतात, "सातारा आलं का?"

हे काका कल्पनेतले, त्यांचं दुखणं मात्र पाठ्यपुस्तकातलं आहे. आतड्यात अन्नाचं पचन होताना, विशेषतः प्रथिनांपासून, अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि मूत्रपिंडं तो युरिया लघवीवाटे बाहेर टाकतात. सिरॉसिसमध्ये यकृत आतून निबर होतं, त्यात गाठी आणि व्रण तयार होतात. मग हे काम अर्धवट राहतं, शिवाय काही रक्त यकृताला वळसा घालून थेट पुढे जातं. अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस हळूहळू भ्रमात जातो. त्याला वैद्यकशास्त्रात हेपॅटिक एन्सेफलोपथी म्हणतात. ती येते तीच मुळी झोपेची वेळ उलटी होणं, चिडचिड, हिशेबात चूक, अक्षर बिघडणं अशा साध्या रूपात. म्हणून तर ती प्रवासाच्या शिणात सहज लपते.

काकांनी घरी ठेवलेल्या त्या गोड, चिकट औषधाचं नाव लॅक्टुलोज. ती एक साखरच आहे, पण आपल्या लहान आतड्यात न पचणारी. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, तिथं आम्लता वाढते, अमोनिया रक्तात शिरण्याऐवजी तिथंच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला व्हावं, हा या औषधाचा दुष्परिणाम नसून तेच त्याचं काम आहे. ते बंद केलं, त्यात पाणी कमी प्यालं, त्यात बद्धकोष्ठ झालं, की भ्रमाची तयारी पूर्ण झाली. दुसऱ्या टोकाला जाणंही धोक्याचं. "आज गाडीत नाही घेतलं म्हणून रात्री दुप्पट" असं करून पाच-सहा जुलाब झाले, तर अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात आणि भ्रमाला तेही निमित्त पुरतं. प्रवासाच्या दिवसांत मात्रेच्या वेळा पुढेमागे सरकवता येतील का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मात्रा शून्यावर मात्र आणू नये.

या एका कारणासाठी सिरॉसिसच्या रुग्णाला बसपेक्षा रेल्वे कितीतरी बरी. डब्यातल्या स्वच्छतागृहाबद्दल काय बोलावं, पण ते असतं. बायकांच्या बाबतीत तर हा मुद्दा आणखी टोकाचा आहे. वाटेत धड सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता आठ-आठ तास बसणाऱ्या बायका प्रत्येक यात्रेत असतात.

भ्रम वेळीच ओळखता यावा म्हणून सोबतच्या माणसानं रोज रुग्णाशी एक छोटा खेळ खेळावा. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी सांगायची. हा पोरखेळ वाटेल, पण डॉक्टर अशीच चाचणी खरोखर वापरतात. घरून निघताना जो माणूस वीस-बावीस प्राणी सांगत होता, तो तिसऱ्या दिवशी आठ-नऊवर अडखळला किंवा "गाय, म्हैस, गाय" असा फिरत राहिला, तर तिथंच सावध व्हावं. दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगावं. पंजे मधूनमधून गळल्यासारखे खाली पडत असतील तर दवाखाना गाठावा. ज्यांना पूर्वी एकदा भ्रमाचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी घाटात स्टिअरिंग हातात घेऊ नये. वरवर ठीक दिसणाऱ्या रुग्णांचाही वाहन चालवताना अंदाज चुकतो, हे अभ्यासांत दिसून आलं आहे.

घाटाचा विषय निघाला म्हणून गाडी लागण्याच्या गोळीबद्दल. आपल्याकडे ती आजीच्या बटव्यापासून ड्रायव्हरच्या कप्प्यापर्यंत सगळीकडे असते आणि तिच्यात बहुधा प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारं औषध असतं. यकृत खूप बिघडलेल्या माणसात ही गुंगी उतरायला वेळ लागतो आणि ती भ्रमात मिसळून जाते. रात्रीच्या प्रवासात झोप यावी म्हणून घेतलेल्या गोळीचंही तेच. त्यापेक्षा पुढची सीट आणि उघडी खिडकी बरी.

अंगदुखीच्या गोळीबाबत लोकांचा समज नेमका उलटा आहे. "पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट" हे सर्वांना ठाऊक असतं, म्हणून पाय दुखले की सहप्रवासी मोठ्या मायेनं डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन काढून देतो. सिरॉसिसमध्ये खरा धोका याच गोळ्यांचा आहे. त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, पोटातलं पाणी वाढवतात आणि जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉल मात्र दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपर्यंत, आणि थोड्या दिवसांसाठी, बहुतेकांना चालतं. डॉक्टरांनी कमी सांगितलं असेल तर तेच पाळावं. बाजारात दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्या मिळतात, म्हणून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून घ्यावं.

आता उंची. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, अमरनाथची गुहा त्याहून वर, ३,८८८ मीटरवर. अमरनाथला जायचं तर ठरावीक नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचं असतं. यकृताच्या रुग्णांना तिथं दोन अडचणी येतात. सिरॉसिस झालेल्या काहींच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आधीच बिघडलेल्या असतात. सपाटीवर त्यांना फारसं जाणवत नाही, पण विरळ हवेत धाप लागते. निघण्यापूर्वी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर बसून आणि मग उभं राहून, अशी दोनदा नोंद घेतली तर याचा पहिला सुगावा लागू शकतो. उभं राहिल्यावर आकडा खाली येत असेल तर डॉक्टरांना सांगावं.

दुसरी अडचण गोळीची. हिमालयात निघालेल्या प्रत्येक गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर "डायमॉक्स घ्या" असा संदेश फिरतोच. निरोगी माणसाला उंची बाधू नये म्हणून त्यातलं ॲसिटाझोलामाइड हे औषध उपयोगी आहे यात वाद नाही. पण ते लघवी अल्कधर्मी करतं. एरवी लघवीच्या आम्लतेत अडकून बाहेर पडणारा अमोनिया त्यामुळे पुन्हा रक्तात परततो. ज्याच्या यकृताला तो आवरतच नाही, त्याला हे औषध थेट भ्रमात नेऊ शकतं. म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाला ते देऊ नये, असं औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. पन्नास जणांच्या गटात सगळ्यांना एकेक गोळी वाटणारा उत्साही कार्यकर्ता ते पत्रक कशाला वाचेल!

यात्रा म्हटली की उपवास आला. आळंदी ते पंढरपूर ही जवळजवळ तीन आठवड्यांची पायी वाट. तिच्या शेवटी एकादशी, आणि मधलीही एक एकादशी अनेक जण निर्जळी करतात. सिरॉसिसच्या शरीराला हे फार महागात पडतं. निरोगी यकृतात रात्रभर पुरेल एवढी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. निबर झालेल्या यकृतात ती शिल्लक तुटपुंजी. एका रात्रीच्या उपाशीपणानंतर अशा रुग्णाचं शरीर जे करतं, ते निरोगी माणसाचं शरीर दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर करतं: स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. आणि स्नायू काही फक्त ताकदीसाठी नसतात, अमोनिया निकामी करण्यात यकृताच्या खालोखाल त्यांचा हातभार असतो. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी सिरॉसिसच्या शंभरावर रुग्णांना वर्षभर जादा पोषण देऊन पाहिलं. काहींना दिवसा दिलं, काहींना झोपण्यापूर्वी. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापले, त्यात रात्री खाणाऱ्यांच्या अंगातली प्रथिनं वाढली होती, दिवसा खाणाऱ्यांची वाढली नव्हती.

तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्लंच पाहिजे. दूध-पोळी, भाजलेले चणे आणि केळं, मूग-तांदळाची मऊ खिचडी, नाचणीची पेज, जे मिळेल ते. मधुमेह असेल तर गोड टाळून. सिरॉसिस म्हणजे डाळ बंद, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असं आजचं प्रमाण आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. साबुदाण्याच्या खिचडीत ती जवळपास नसतातच. शेंगदाण्याच्या कुटापुरती काय ती येतात. एकादशी मोडायची की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण धरलीच, तर निर्जळी धरू नये आणि दूध, दही, राजगिरा, दाणे यांत हात आखडता घेऊ नये.

मीठ हे प्रवासातलं सर्वांत लबाड दुखणं. पोटात पाणी होण्याची सवय असलेल्यांना दिवसभरात ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचाभर मीठ, आणि तेही शिजवलेल्या अन्नातलं धरून. आचाऱ्याची आमटी एक वेळ सांगून कमी खारट होईल. पण खिडकीशी फिरणारा चिवडा, फरसाण, डब्यातलं लोणचं, पापड, वेफर्स आणि मसाला ताक यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यापेक्षा सोबत छोटा वजनकाटा ठेवावा आणि रोज सकाळी त्यावर उभं राहावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले असतील, तर काशीचे पेढे एवढ्या लवकर अंगी लागत नसतात, ते पाणी असतं.

आणि पिण्याचं पाणी. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत काविळीची साथ आली. यमुनेच्या पात्रानं दिशा बदलली होती आणि शहराच्या सांडपाण्याचा नाला पिण्याचं पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे सरकला होता. पुढच्या थोड्या आठवड्यांत सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. कित्येक वर्षं ती साथ हेपॅटायटिस 'ए'ची मानली गेली. जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले तेव्हा तो वेगळाच विषाणू निघाला. त्यालाच आज हेपॅटायटिस 'ई' म्हणतात. महाराष्ट्रानं त्याचा इंगा २०१२ साली इचलकरंजीत पाहिला. निरोगी माणूस त्यातून बहुधा महिन्या-दोन महिन्यांत उठतो. आधीच सिरॉसिस असलेल्याचं उरलंसुरलं यकृत मात्र हा विषाणू निकामी करू शकतो.

'ई'ची लस आपल्याकडे सर्रास मिळत नाही, त्यामुळे उकळलेलं किंवा सीलबंद पाणी हाच उपाय. उसाच्या रसातला बर्फ, पाणीपुरीचं पाणी आणि चिरून ठेवलेली कलिंगडाची फोड या तिघांना लांबूनच नमस्कार. 'ए' आणि 'बी'च्या लशी मात्र आहेत. 'ए'चा संसर्ग आपल्याकडे अनेकांना लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो, म्हणून आधी रक्त तपासून मग लस घेता येते. 'बी'चा नेहमीचा क्रम सहा महिन्यांचा, आणि सिरॉसिसमध्ये लशीला मिळणारा प्रतिसाद मंद. तिकीट काढल्यावर लशीचा विचार करणाऱ्याला म्हणूनच उशीर झालेला असतो.

कोकण-गोव्याकडे निघालेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उबदार, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो. तो कच्च्या कालवांतून पोटात जातो किंवा पायाच्या जखमेतून आत शिरतो. निरोगी माणसाला बहुधा जुलाब होतात. यकृताच्या रुग्णाच्या रक्तात तो पसरला तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. मालवणी घरात कालवं, तिसऱ्या खळखळून शिजवल्याशिवाय पानात येत नाहीत, ती खुशाल खावीत. लिंबू पिळून कच्चं कालव गिळण्याची चैन मात्र परदेशातल्या किंवा गोव्यातल्या महागड्या हॉटेलात सुचते, ती करू नये. पायाला चिरा, फोड असतील तर तारकर्लीला पाण्यात न उतरता वाळूवर बसावं. हॉटेलच्या टेबलावर "एखादा पेग चालतो" म्हणणारे मित्रही भेटतील. सिरॉसिसमध्ये चालेल असा पेग नसतो.

विमानात बसायला बहुतेकांना हरकत नसते. पण पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं असेल, तर जाण्याआधी ते पाणी काढून घ्यावं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना नुकतेच रबरी बँड लावले असतील, तर बँड गळून पडल्यावर राहणाऱ्या जखमेतून पुढच्या दोन आठवड्यांत रक्त येऊ शकतं. तेवढे दिवस घर सोडू नये. "लिव्हरवाल्यांचं रक्त पातळच असतं, त्यांच्या पायात गाठ होत नाही," असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. तो समज खोटा ठरला आहे, तेव्हा लांबच्या प्रवासात उठून चालावं. औषधं चेक-इन बॅगेत न टाकता जवळ ठेवावीत. लॅक्टुलोजची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी असते, पण डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली की औषध म्हणून ती जवळ ठेवता येते. प्रवासाचा विमा काढताना आजार लपवू नये, नाहीतर दावा नेमका त्याच ओळीवर अडतो.

यकृत बदललेल्यांची कथा निराळी. नवं यकृत शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध दर बारा तासांनी ज्यांना घ्यावं लागतं, त्यांनी घड्याळ बदललं तरी बारा तासांचं अंतर कसं सांभाळायचं हे आधीच लिहून घ्यावं. ग्रेपफ्रूट टाळावं, आणि त्याचं भावंड असलेलं आपलं पपनसही. या फळांमुळे औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. केनियाच्या सफारीची जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की त्या देशाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ती लस जिवंत विषाणूची आहे, प्रत्यारोपणानंतर देत नाहीत. डॉक्टरांकडून लशीतून सूट देणारं पत्र मिळेलही; पण पत्रानं डास थांबत नाही.

आणि जे अजून यकृताची वाट पाहत आहेत, त्यांचं नाव मुंबई, पुणे, नागपूरसारख्या ठिकाणच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत असतं. दात्याच्या शरीरातून काढलेलं यकृत साधारण १२ तासांच्या आत बसवावं लागतं. फोन रात्री दोनला आला तर किती तासांत पोचता येईल, यावरच त्यांनी प्रवासाची हद्द ठरवावी, आणि गाव सोडताना रुग्णालयातल्या समन्वयकाला सांगून जावं.

खिशात एक कागद हवा. त्यावर आजाराचं नाव, औषधांची मूळ नावं आणि मात्रा, शेवटची एन्डोस्कोपी कधी झाली, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सोडियम, क्रिएटिनिन, रक्तगट आणि डॉक्टरांचा फोन. रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, ताप आणि पोटदुखी, किंवा माणूस बरळायला लागणं, यातलं काहीही झालं तर देवदर्शन बाजूला ठेवून जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. महाराष्ट्रात आणि इतर अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक आहे.

राहता राहिली साताऱ्याची बस. यात्रा कंपनीचा मॅनेजर पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधारकार्डाच्या प्रती गोळा करतो. त्याच वेळी त्याला बाजूला घेऊन सांगावं, "आमच्या ह्यांना औषध चालू आहे, दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवावी लागेल." मॅनेजर थांबवतो. आणि गाडी थांबली की निम्मी बस उतरते; लाजेपायी इतका वेळ कोणी बोललं नव्हतं, एवढंच.